विश्लेषण : अनेक राण्या चालल्या, मग बथशेबा प्रकरणात दावीद राजा दोषी का? बायबलमधील राजांचे बहुपत्नीत्व आणि व्यभिचार

दावीद राजाच्या आठ पत्नींची नावे बायबलमध्ये आहेत. त्याचा मुलगा शलमोन याच्या राणीवशात तर हजार स्त्रिया होत्या, असे त्यात म्हटले आहे. तरीही दाविदाला शिक्षा झाली ती एकाच प्रकरणात, आणि शलमोनावर ठपका आला तो भलत्याच कारणाने. प्राचीन इस्रायलमध्ये बहुपत्नीत्व आणि व्यभिचार यांच्यातील सीमारेषा कुठे होती, ती राजाला लागू होती का आणि राजांच्या वर्तनाची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

हे राजे कोण आणि कोणत्या काळातले?

इंग्रजीतून परिचित असलेले डेव्हिड आणि सॉलोमन म्हणजेच मराठी बायबलमधील दावीद आणि शलमोन. ज्यू धर्मीयांचा ‘तनाख’ आणि ख्रिस्ती धर्मीयांचा ‘जुना करार’ यांत शमुवेल, राजे आणि इतिहास या नावांची पुस्तके आहेत. इस्रायली राजांची हकिगत मुख्यतः त्यांत येते. पहिला राजा शौल, त्यानंतर दावीद आणि मग शलमोन. दावीद आणि शलमोन यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. १०वे शतक मानला जातो. शलमोनाच्या मृत्यूनंतर राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडील इस्रायलचे राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरी साम्राज्याने बुडवले, तर दक्षिणेकडील यहूदाचे राज्य इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलने संपवले. या राजांच्या कथा आजच्या स्वरूपात लिहिल्या गेल्या त्या घटनांनंतर कित्येक पिढ्यांनी. त्यामुळे त्या वाचताना काय घडले याबरोबरच लिहिणाऱ्यांनी ते कसे पाहिले, हाही प्रश्न असतो.

बहुपत्नीत्वाला मुभा होती का?

होती. मोशेच्या नियमशास्त्रात पुरुषाने एकच पत्नी करावी, असा सर्वसाधारण नियम नाही. उलट, एकाहून अधिक पत्नी असतील हे गृहीत धरून नियम केलेले दिसतात. निर्गम पुस्तकातील एका नियमानुसार पुरुषाने दुसरी स्त्री केली तरी पहिलीचे अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करता येत नाहीत. हा नियम दासी म्हणून घरात आणलेल्या स्त्रीच्या संदर्भात येतो. अनुवाद पुस्तकात आणखी एक नियम आहे. दोन पत्नींपैकी एक आवडती आणि एक नावडती असेल आणि ज्येष्ठ पुत्र नावडतीचा असेल, तर त्याचा ज्येष्ठत्वाचा दुप्पट वाटा बापाला आवडतीच्या मुलाला देता येत नाही. सख्ख्या बहिणींना एकाच वेळी पत्नी करण्यास मात्र लेवीय पुस्तक मनाई करते.

पत्नीखेरीज ‘उपपत्नी’ असाही दर्जा होता. तिचे स्थान पत्नीपेक्षा खालचे, पण हा संबंध चोरटा किंवा बेकायदा मानला जात नसे. तिच्यावर घराचा हक्क असे आणि दुसऱ्या पुरुषाने तिच्याकडे जाणे हा घरधन्याचा अपमान समजला जाई.

मग व्यभिचार कशाला म्हणत?

व्यभिचार करू नये, ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा. लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत त्याला मृत्युदंड सांगितला आहे आणि तोही पुरुष व स्त्री दोघांना. मात्र व्यभिचाराची व्याख्या आजच्यासारखी नव्हती. स्त्री विवाहित आहे की नाही किंवा तिची मागणी झाली आहे की नाही, यावर गुन्हा ठरे. पुरुष विवाहित आहे का, हा प्रश्नच नव्हता. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवले तर तो व्यभिचार ठरत नसे. त्यासाठी वेगळे नियम होते आणि त्यात तिच्या बापाला भरपाई देण्याची तरतूद होती. विवाहित स्त्रीला मात्र अशी कोणतीही सवलत नव्हती. म्हणजे हा कायदा मुळातच एकतर्फी होता. एका पुरुषाच्या पत्नीकडे दुसऱ्याने जायचे नाही, हा त्याचा गाभा.

बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्याशी तुलना केली की एक फरक लक्षात येतो. त्या कायद्यातही व्यभिचारी स्त्री-पुरुषांना बांधून पाण्यात टाकण्याची शिक्षा आहे. पण पतीने पत्नीला जीवदान दिले तर राजाही आपल्या प्रजाजनाला म्हणजे त्या पुरुषाला माफ करू शकतो. मोशेच्या नियमशास्त्रात पतीच्या किंवा राजाच्या माफीची अशी तरतूद नाही. गुन्हा केवळ पतीविरुद्ध नाही, तर परमेश्वराविरुद्धही मानला गेला. त्यामुळे तो मिटवण्याचा अधिकार राजाच्या हाती राहिला नाही. पुढे राजाच आरोपी ठरला, तेव्हा हाच मुद्दा कळीचा ठरला.

राजासाठी वेगळा नियम होता?

होता आणि तो सवलत देणारा नव्हता, उलट अधिक कडक होता. अनुवाद पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजाने काय करू नये याची यादी आहे. फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोन्या-चांदीचा फार साठा करू नये. बायकांबाबतचे कारणही दिले आहे. त्यामुळे राजाचे मन भलतीकडे वळेल. शिवाय राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी उतरवून घ्यावी, रोज वाचावी आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला मोठा समजू नये, असेही त्यात आहे.

या यादीतील तिन्ही गोष्टी शलमोनाने भरपूर केल्या, हे बायबलच सांगते. त्यामुळे शलमोनाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवूनच हा नियम नंतर लिहिला गेला, असे अनेक अभ्यासक मानतात. अनुवाद पुस्तकाचा गाभा इ.स.पू. ७व्या शतकातला, म्हणजे योशिया राजाच्या आसपासचा असल्याचे त्यांचे मत आहे. ‘फार’ म्हणजे किती, हे मात्र नियमात नाही.

शौल आणि दावीद : लग्न की राजकारण?

राजेशाही येण्याआधीच अनेक बायकांच्या घराण्यात काय होऊ शकते, याचा दाखला शास्ते पुस्तकात आहे. गिदोन या सरदाराने राजपद नाकारले, पण त्याला पुष्कळ बायका आणि ७० मुलगे होते. शखेम येथील उपपत्नीचा मुलगा अबीमलेख याने सत्तेसाठी आपल्या या सावत्र भावांची कत्तल केली. त्यांतला फक्त धाकटा योथाम वाचला.

दाविदाची लग्ने पाहिली तर त्याच्या सत्तेचा प्रवास समोर येतो. पहिली पत्नी मीखल ही शौल राजाची मुलगी. त्यामुळे गुराख्याचा मुलगा राजघराण्याचा जावई झाला. शौलाशी बिनसल्यावर तो रानोमाळ फिरत असताना श्रीमंत मेंढपाळ नाबाल याची विधवा अबीगईल हिच्याशी त्याने लग्न केले. दक्षिणेकडील यहूदाच्या मुलखात पाय रोवायला हा संबंध उपयोगी पडला. गशूरचा राजा तलमय याची मुलगी माका हिच्याशी झालेले लग्न म्हणजे शेजारच्या राज्याशी सोयरीक. हेब्रोन येथे राज्य करत असताना सहा बायकांपासून दाविदाला सहा मुलगे झाल्याची यादी आहे. यरुशलेम जिंकल्यावर त्याने आणखी बायका आणि उपपत्नी केल्या. या कोणत्याही लग्नाबद्दल शमुवेल पुस्तक त्याला दोष देत नाही.

मागच्या राजाच्या स्त्रिया ताब्यात घेणे म्हणजे गादीवर हक्क सांगणे, असाही संकेत होता. शौल मारला गेल्यावर त्याची उपपत्नी रिस्पा हिच्याकडे गेल्याचा आरोप शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याने सेनापती अबनेरवर केला. त्या एका आरोपावरून अबनेर बिथरला आणि दाविदाच्या बाजूला जायला निघाला. दाविदाने त्याला पहिली अट घातली ती मीखलला परत आणण्याची. दरम्यान शौलाने तिचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले होते. तिला नेत असताना तो दुसरा पती रडत बहूरीम गावापर्यंत मागोमाग आला आणि अबनेरने दरडावल्यावर परत फिरला. या प्रसंगात मीखलच्या तोंडी एकही शब्द नाही.

बथशेबा प्रकरण नेमके काय?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील ११व्या अध्यायात ही हकिगत आहे. राजे लढाईवर जातात त्या ऋतूत दाविदाचे सैन्य सेनापती यवाबच्या हाताखाली अम्मोनी लोकांच्या राब्बा शहराला वेढा घालून बसले होते. राब्बा म्हणजे आजच्या जॉर्डनमधील अम्मान. दावीद मात्र यरुशलेममध्येच राहिला. संध्याकाळी वाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याला स्नान करणारी एक स्त्री दिसली. त्याने चौकशी केली. ती अलीयामची मुलगी आणि उरीया हित्तीची पत्नी बथशेबा असल्याचे त्याला सांगण्यात आले. म्हणजे ती विवाहित असल्याचे कळल्यानंतर त्याने माणसे पाठवून तिला आणवले.

काही काळाने तिने गरोदर असल्याचा निरोप पाठवला. दाविदाने उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतले. लढाईची विचारपूस केली, घरी जाऊन विश्रांती घे म्हणून सांगितले. उरीया एक रात्र जरी घरी राहिला असता, तरी मूल त्याचे मानले गेले असते. पण तो राजवाड्याच्या दारात चाकरांबरोबर झोपला. कराराचा कोश आणि सैन्य तंबूत असताना आपण घरी जाऊन खाणेपिणे करणे योग्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या रात्री राजाने त्याला दारू पाजली, तरीही तो घरी गेला नाही.

मग दाविदाने यवाबला पत्र लिहिले आणि ते उरीयाच्याच हाती दिले. त्याला घनघोर लढाईच्या तोंडाशी ठेवून बाकीच्यांनी मागे सरावे, असा हुकूम त्यात होता. उरीया मारला गेला, त्याच्याबरोबर आणखी काही सैनिकही मेले. बथशेबाने पतीचा शोक केला. शोकाचे दिवस सरताच दाविदाने तिला वाड्यात आणून पत्नी केले.

उरीया हा कोणी अनोळखी शिपाई नव्हता. दाविदाच्या निवडक शूर योद्ध्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. याच यादीत अहिथोफेलचा मुलगा अलीयाम याचेही नाव आहे. हाच बथशेबाचा बाप असेल, तर ती दाविदाचा मुख्य सल्लागार अहिथोफेल याची नात ठरते. उत्पत्ती पुस्तकात अब्राहामाला परक्या मुलखात एक भीती वाटते. तिथले लोक आपल्या पत्नीसाठी आपला जीव घेतील, ही ती भीती. दाविदाच्या प्रकरणात परका होता तो उरीया आणि त्याचा जीव गेला तो यरुशलेमच्या राजाच्या हुकुमाने.

संदेष्टा नाथानने आरोप कोणावर ठेवला?

फक्त दाविदावर. नाथानने राजाला एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ शेरडेमेंढरे होती, गरिबाकडे एकच कोकरू. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपातले जनावर न कापता गरिबाचे कोकरू उचलले. दावीद संतापला, हा माणूस मरणास पात्र आहे आणि त्याने चौपट भरपाई दिली पाहिजे, असा निवाडा त्याने दिला. तो माणूस तूच, असे नाथानने त्याला सुनावले.

इथे बायबलचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. नाथान परमेश्वराच्या वतीने राजाला आठवण करून देतो ती अशी, की तुला धन्याचे घर दिले, त्याच्या स्त्रिया दिल्या, हे कमी वाटले असते तर आणखीही दिले असते. म्हणजे अनेक स्त्रिया असणे हा आरोप नाहीच. उलट, एवढे असताना ज्याच्याकडे एकच होती त्याची हिसकावून घेतली आणि त्याचा खून केला, हा आरोप आहे. नियमशास्त्राच्या दृष्टीने हा व्यभिचार. नाथानच्या गोष्टीत त्याचे रूप बळकट माणसाने दुबळ्यावर केलेल्या लुटीचे आहे.

दाविदाने गुन्हा कबूल केला. त्याला मृत्युदंड झाला नाही. मात्र तलवार तुझे घर सोडणार नाही, तू लपून केलेस ते तुझ्या स्त्रियांबाबत दिवसाढवळ्या घडेल आणि हे मूल जगणार नाही, असे नाथानने सांगितले. ते मूल आजारी पडून दगावले. पुढे बथशेबाला झालेला मुलगा म्हणजे शलमोन.

बथशेबा दोषी की पीडित?

शतकानुशतके चित्रकारांनी आणि काही भाष्यकारांनी बथशेबाला मोहिनी घालणारी स्त्री म्हणून रंगवले. मूळ मजकुरात त्याला आधार नाही. गच्चीवर होता तो दावीद. ती उघड्यावर किंवा मुद्दाम त्याला दिसेल अशी स्नान करत होती, असे कुठेही म्हटलेले नाही. राजाचे दूत दाराशी आल्यावर तिला नकार देता आला असता का, यावर मजकूर गप्प आहे. तिची संमती विचारल्याचाही उल्लेख नाही. नियमशास्त्रानुसार व्यभिचारात दोघांनाही दंड आहे, पण नाथान तिच्यावर एकही आरोप ठेवत नाही. त्याच्या गोष्टीत ती कोकरू आहे. म्हणूनच आज अनेक अभ्यासक याला व्यभिचारापेक्षा सत्तेच्या बळावर केलेला अत्याचार म्हणतात.

नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ आहे. तिथे शलमोनाच्या आईचे नाव दिलेले नाही, उरीयाची पत्नी असा उल्लेख आहे. दाविदाच्या घराण्याचा गौरव करणाऱ्या यादीतही त्या खुनाची आठवण अशी राहिली.

किंमत कोणी मोजली?

बहुतांशी राजवाड्यातील स्त्रियांनी आणि मुलांनी. दाविदाचा थोरला मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद रागावला, पण त्याने काहीही केले नाही. तामारचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे दबा धरून राहिला आणि मेंढरांची लोकर कातरण्याच्या सणात त्याने अम्नोनला ठार करवले. त्यानंतर तो आजोळी, गशूरच्या राजाकडे पळाला. राजकीय सोयीसाठी जोडलेली सोयरीक अशी राजाच्याच विरुद्ध कामाला आली. तामारबद्दल शेवटचा उल्लेख एवढाच, की ती भावाच्या घरी उजाड होऊन राहिली.

पुढे अबशालोमने बंड केले. दावीद राजधानी सोडून पळाला, वाडा सांभाळायला दहा उपपत्नी मागे ठेवल्या. अहिथोफेलने अबशालोमला सल्ला दिला, की बापाच्या उपपत्नींकडे उघडपणे जा, म्हणजे परतीचा मार्ग उरला नाही हे लोकांना कळेल. वाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून हे करण्यात आले. ज्या वाड्याच्या गच्चीवरून बथशेबा दिसली होती, तोच हा वाडा. बंड मोडल्यावर दाविदाने त्या दहा जणींना पहाऱ्यात ठेवले. त्यांना अन्नवस्त्र मिळाले, पण मरेपर्यंत त्या विधवेसारख्या कोंडून राहिल्या. गुन्हा दोन पुरुषांच्या सत्तासंघर्षातला आणि जन्मठेप मात्र त्यांना.

शौलाची उपपत्नी रिस्पा हिच्या वाट्याला तर त्याहून भयंकर दिवस आले. शौलाने गिबोनी लोकांवर केलेल्या अत्याचाराचा बदला म्हणून तिचे दोन मुलगे आणि शौलाचे पाच नातू त्यांच्या हवाली करण्यात आले. ते मारले गेल्यावर रिस्पा खडकावर गोणपाट अंथरून बसली आणि हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत तिने प्रेतांजवळ दिवसा पक्षी आणि रात्री श्वापदे येऊ दिली नाहीत. अखेर दाविदाने त्या सर्वांच्या अस्थींचे रीतसर दफन केले.

दाविदाच्या म्हातारपणी त्याच्या सेवेला अबीशग नावाची तरुणी आणली गेली. राजाने तिच्याशी संबंध ठेवला नाही, असे मजकूर स्पष्ट सांगतो. तरीही दाविदाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा अदोनीया याने तिच्याशी लग्न करण्याची परवानगी मागितली, तेव्हा शलमोनाने ती गादीवरची मागणी मानली आणि भावाला ठार करवले. अबीशगला काय हवे होते, याची नोंद नाही.

शलमोनाच्या हजार स्त्रिया : आकडा खरा मानायचा?

राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोनाच्या ७०० राजकुळातील पत्नी आणि ३०० उपपत्नी सांगितल्या आहेत. इतका नेमका हजार भरणारा आकडा वैभव दाखवण्यासाठी फुगवलेला असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. परंपरेने शलमोनाच्या नावावर असलेल्या गीतरत्नात ६० राण्या आणि ८० उपपत्नी असा उल्लेख येतो. त्याचा मुलगा रहबाम याच्या १८ पत्नी, ६० उपपत्नी, २८ मुलगे आणि ६० मुली, तर नातू अबीया याच्या १४ पत्नी, २२ मुलगे आणि १६ मुली होत्या, असे इतिहास पुस्तक सांगते.

शलमोनाची लग्ने म्हणजे एक प्रकारे तहनामेच होते. मिसरच्या फारोची मुलगी त्याला मिळाली आणि फारोने गेजेर शहर मुलीला आंदण म्हणून दिले. याबाबत अभ्यासकांत वाद आहे. कारण इ.स.पू. १४व्या शतकातील अमार्ना पत्रव्यवहारात मिसरची राजकन्या कोणालाच दिली जात नाही, असे फारोने बाबेलच्या राजाला ठणकावल्याची नोंद आहे. शलमोनाच्या काळापर्यंत मिसर दुबळे झाले होते, त्यामुळे हा रिवाज सुटला असावा, असे काही जण मानतात. मवाबी, अम्मोनी, अदोमी, सीदोनी आणि हित्ती स्त्रियाही त्याच्या राणीवशात होत्या. गादीचा वारस रहबाम हा अम्मोनी नामा हिचा मुलगा. म्हणजे ज्या अम्मोनी राजधानीच्या वेढ्यात उरीया मारला गेला, त्याच लोकांची लेक पुढे राजमाता झाली.

शलमोनावरचा ठपका संख्येचा नाही, व्यभिचाराचाही नाही. परदेशी पत्नींच्या देवतांसाठी त्याने यरुशलेमसमोरच्या टेकडीवर उच्चस्थाने उभारली, हा त्याचा अपराध. सिंहासनाचे राजकारण धर्माच्या गाभ्यात शिरले आणि त्यामुळेच राज्य फुटले, असा निष्कर्ष हे पुस्तक काढते. वेठबिगारी आणि करांचा बोजा हेही फुटीचे कारण होते, हे त्याच पुस्तकातील पुढच्या अध्यायावरून कळते.

बायबलबाहेर पुरावे आहेत का?

इस्रायलच्या उत्तरेला तेल दान येथे १९९३ मध्ये सापडलेल्या इ.स.पू. ९व्या शतकातील शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख आहे, असे बहुतेक तज्ज्ञ वाचतात. बथशेबा, उरीया किंवा शलमोनाचा राणीवसा यांना मात्र त्या काळातील कोणत्याही लेखाचा दुजोरा नाही.

नंतरच्या राजांबाबत पुरावा अधिक ठोस आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदावर स्वारी केली. हिज्कीया राजाने निनवेला पाठवलेल्या खंडणीत सोन्या-चांदीबरोबर त्याच्या मुली आणि राजवाड्यातील स्त्रियाही होत्या, असे सन्हेरीबच्या कोरीव लेखात नमूद आहे. बायबलमध्ये या खंडणीचे सोने-चांदी मोजले आहे, स्त्रियांचा उल्लेख नाही. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलने यहोयाकीन राजाला त्याच्या आई आणि पत्नींसह कैद करून नेले, असे बायबल सांगते. हा राजा आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर सापडली आहे.

पुढच्या परंपरेने या राजांचे काय केले?

प्रत्येकाने आपापल्या परीने वाट काढली. बाबेलच्या निर्वासनानंतर लिहिलेल्या इतिहास पुस्तकाने बथशेबा प्रकरण आणि शलमोनाच्या हजार स्त्रिया सरळ वगळल्या. मृत समुद्राजवळच्या गुहांतील गुंडाळ्यांपैकी ‘मंदिर गुंडाळी’त राजाने एकच पत्नी करावी आणि ती हयात असेपर्यंत दुसरी करू नये, असा नियम आहे. त्याच पंथाच्या ‘दमास्कस दस्तऐवजा’त दाविदाची बाजू सावरलेली दिसते. नियमशास्त्राचे पुस्तक त्या काळी मोहोरबंद होते, त्यामुळे दाविदाने ते वाचले नव्हते, असा तो खुलासा.

इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात ‘फार बायका’ म्हणजे किती, याचे उत्तर १८ असे आहे. राजाचे मन वळवणार नसतील तर त्याहून अधिकही चालतील, असे तिथे एका रब्बीचे मत आहे. मन वळवणारी असेल तर एकही नको, असे दुसऱ्याचे. तालमूदमधील एका चर्चेत तर दाविदाने पाप केले असे म्हणणारा चुकतो, असे मत मांडले आहे. त्यासाठी युक्तिवाद असा, की दाविदाचे सैनिक लढाईला जाताना पत्नीला सशर्त घटस्फोटाचा लेख देऊन जात, त्यामुळे बथशेबा कायद्याने मोकळी होती. उरीयाचा खून या युक्तिवादातून पुसला जात नाही, हा प्रश्न भाष्यकारांना पुढेही सतावत राहिला.

बहुपत्नीत्व थांबले कधी?

सावकाश. येशूच्या जन्मकाळी राज्य करणाऱ्या हेरोद राजाने दहा लग्ने केली होती. एकाच वेळी अनेक पत्नी करणे ही ज्यूंची वाडवडिलांपासूनची रीत असल्याचे पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफसने लिहून ठेवले आहे. सामान्य घरांतही ते होते. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९६१ मध्ये बाबाथा नावाच्या स्त्रीची दुसऱ्या शतकातील कागदपत्रे सापडली. त्यावरून तिच्या पतीला मिर्याम नावाची आणखी एक पत्नी होती आणि पतीच्या मृत्यूनंतर मालमत्तेवरून दोघींत वाद झाला, हे कळते.

रोमन सम्राट थिओडोसियसने ३९३ मध्ये ज्यूंना एकाच वेळी अनेक लग्ने करण्यास बंदी घातली. जर्मनीतील माइन्झ येथील रब्बी गेर्शोम यांच्या नावाने ओळखला जाणारा, एकच पत्नी असावी हा दंडक इ.स. १०००च्या सुमारास आला आणि युरोपातील ज्यूंनी तो स्वीकारला. येमेनसारख्या देशांतील ज्यूंमध्ये मात्र प्रथा चालू राहिली. इस्रायलने १९५१च्या महिला समान हक्क कायद्याने द्विभार्या बंद केली. त्याआधी अनेक पत्नींसह आलेल्या येमेनी कुटुंबांची आधीची लग्ने मात्र मान्य ठेवली. आज तिथे दुसरे लग्न करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

आज हा विषय का येतो?

कारण या राजांचा दाखला पुन्हा पुन्हा दिला गेला. १५४० मध्ये जर्मनीतील हेसचा सरदार फिलिप याने पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केले. जुन्या करारातील उदाहरणांच्या आधारे मार्टिन ल्यूथर आणि मेलांक्थॉन यांनी त्याला गुप्तपणे संमती दिली आणि बभ्रा झाल्यावर मोठी नामुष्की ओढवली. अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या १८३०च्या ग्रंथात दावीद आणि शलमोन यांच्या अनेक बायकांचा निषेध आहे. त्याच पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या १८४३च्या प्रकटीकरणात मात्र दाविदाला त्या बायका देवाने दिल्या होत्या, उरीयाच्या पत्नीचे प्रकरण तेवढे पाप, असे म्हटले आहे. पंथाने १८९० मध्ये ही प्रथा सोडत असल्याचे जाहीर केले.

सत्ताधाऱ्याचे खासगी वर्तन उघड झाले, की दाविदासारखा थोर राजाही चुकला होता, असा बचाव आजही ऐकू येतो. मूळ हकिगतीत मात्र दाविदाची थोरवी त्याच्या कामी येत नाही. राजाच्या पदरी असलेला संदेष्टा त्याच्याच दरबारात त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवतो आणि राजाला तो मान्य करावा लागतो. ज्या समाजात स्त्रीला विचारण्याची रीत नव्हती, त्या समाजाच्या पवित्र ग्रंथाने राजाचा हा गुन्हा झाकला नाही आणि उरीयाचे नावही पुसले नाही. मीखल, तामार आणि कोंडून ठेवलेल्या त्या दहा जणींना न्याय मिळाला नाही. पण त्यांच्यावर काय ओढवले याची नोंद ग्रंथात राहिली आणि आजचे अभ्यासक त्या नोंदींकडे नव्याने पाहू लागले आहेत.